तायडे मास्तरांची टाकी

टाकीतलं पाणी मी काढायला लावलं. तायडे मास्तरांनी ती त्या दिवशी सकाळी स्वतः भरली होती, आतल्या लाल रेघेपर्यंत, आणि ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे विचारणा झाली तेव्हा मी गप्प बसलो. या दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. मास्तरांबद्दल चांगलं लिहायला लागलो की त्या ओघात स्वतःला हळूच सोडवून घ्यायची मला खोड आहे. इतकी वर्षं मी तेच करत आलो. आता त्याचाही कंटाळा आला आहे.

अकोल्यात रेल्वेच्या रुळांलगत एक बंद पडलेली कापसाची जिनिंग होती. आमचे मालक अण्णासाहेब यांनी ती घेऊन तिथे औषधांचा लहानसा कारखाना काढला होता. टिंक्चर आयोडीन, कानात घालायचे थेंब, दवाखान्यांतल्या फरशा पुसायचं जंतुनाशक असा माल तिथे तयार व्हायचा. मी स्टोअरकीपर होतो. बाटल्या, बुचं, पिंपं, झाडू, प्यायच्या पाण्याचे माठ, सगळं आणून ठेवणं माझ्याकडे. तायडे मास्तर केमिस्ट होते. नागपूरहून बी. एस्सी. झालेले, त्याआधी आमच्याकडे बी. एस्सी. माणूस नव्हता. कारखान्यात यायच्या आधी अमरावतीच्या एका शाळेत वर्षभर शिकवत होते, म्हणून 'मास्तर' हे नाव त्यांच्याबरोबर आलं आणि चिकटलं. गाव भातकुलीकडचं. घर छप्पन्न साली बौद्ध झालेलं. हे त्यांनी कधी लपवलं नाही आणि आम्ही कधी विसरलो नाही.

उंच, किडकिडीत, किंचित वाकलेला माणूस. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटण लावलेलं. डोळ्यांखाली कायमची काळसर वर्तुळं, जणू रात्रीची झोप त्यांच्या वाट्याला अर्धीच येत असावी. कुणी काही सांगितलं की आधी लांबलचक 'हं' म्हणायचे आणि मग थोडा वेळ गेल्यावर बोलायचे. तेवढ्यात अर्धी माणसं निघून जात. डबा खायच्या आधी हात तीनदा धुवायचे, नाकाशी नेऊन हुंगायचे आणि वास आला की पुन्हा धुवायचे. डबा ते अंगणातल्या कडुनिंबाखाली एकटेच खात. आम्ही आत शेडमध्ये बसत असू. त्यांना कुणी आत बोलावलं नाही, आणि त्यांनीही कधी वाईट वाटल्याचं दाखवलं नाही.

कारखान्यातली सर्वांत घातकी वस्तू म्हणजे कार्बोलिक ॲसिड. जुन्या इस्पितळात शिरल्यावर जो वास येतो, तो त्याचाच. थंडीत ते पिंपात गोठून दगड होतं. पिंप गरम पाण्यात ठेवून ते वितळवावं लागे. अकोल्याच्या मे महिन्यात ते आपणहून वितळतं आणि पिंपात कोंडलेल्या हवेचा दाब घेऊन बसतं. म्हणून मास्तर सांगायचे, "हिवाळ्यात याले मनवा, उन्हाळ्यात याच्यापासून जपा." नवा कामगार आला की त्याला पिंपासमोर उभं करून ते एकच व्याख्यान द्यायचे. बोलायला लागले की शाळेतली भाषा यायची, मधेच एखादा शब्द वऱ्हाडी.

"हे पोळत नाही," ते म्हणायचे. "पोळलं असतं तर बरं झालं असतं, माणूस ओरडला असता. हे आधी कातडी बधिर करतं. पांढरं पडतं, दुखत नाही, आणि तुम्ही म्हणता काही झालं नाही. तेवढ्यात ते आत शिरतं. रक्तात जातं. अंगावर सांडलं तर आधी कपडे काढा. लाज नंतर, कातडी आधी. मग पाणी. गडूभर नाही. थोडं पाणी म्हणजे दगा, त्यानं ते अंगभर पसरतं. धो धो पाणी, मी थांबा म्हणेपर्यंत."

त्यासाठी ती टाकी होती. शेडच्या दाराशी, कमरेइतकी उंच, सिमेंटची. वर पत्र्याचं झाकण, बाजूच्या खिळ्याला बादली आणि शेजारी तरटाचा आडोसा, आत धुतलेलं जुनं धोतर घडी करून ठेवलेलं. बायका बाटल्या धुवायला होत्या, त्यांच्यासाठी एक लुगडंही. हे सगळं मास्तरांनी मागितलं तेव्हा मी कुरकुरत दिलं होतं.

टाकीपर्यंत डोळे मिटून जाता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. कार्बोलिक तोंडावर उडालं तर डोळे उघडणार नाहीत, म्हणून. दर सोमवारी काम सुरू व्हायच्या आधी एकेकाला भरणीच्या टेबलापासून डोळे मिटून चालायला लावायचे. उजवा हात भिंतीला, खांब आला की वळायचं, चौकट लागली की बादली. लोक हसायचे. सगळ्यांत जास्त हसायचा हमीदभाई, आमचा भरणीवरचा जुना कामगार. गोल चेहऱ्याचा, तोंडाळ, पण हात बाईच्या शिवणासारखा नेमका.

"मास्तर," तो म्हणायचा, "आंधळी कोशिंबीर खेळाचा पगार अलग भेटते का?"

"तुम्ही चाला हमीदभाई."

"चाललो ना. पण डोये मिटले की मले घरवालीच दिसते. ते म्हणते, पीठ आनलं का?"

एकदा तो असाच चालत असताना अण्णासाहेब दारातून आत आले आणि हमीदभाईने त्यांच्या पोटालाच चौकट समजून दोन्ही हातांनी चाचपलं. सगळी शेड हसत सुटली. अण्णासाहेबही हसले. मास्तर तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "हं. अण्णासाहेब, वाटेत उभं राहू नये. हमीदभाई, पुन्हा पहिल्यापासून."

टाकी ते रोज सकाळी स्वतः भरत. नळ पहाटे यायचा आणि ऊन चढायच्या आत जायचा. कारखान्यात विहीर नव्हती, आणि गावातल्या विहिरींचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात गोड्या पाण्यासाठी अकोल्यात भांडणं होत. अशा दिवसांत इतकं पाणी नुसतं उघड्यावर राखून ठेवायचं म्हणजे चैनच. मी एकदा म्हणालो, "मास्तर, एवढ्या बादल्या तुम्ही कशाला ओढता? गणपत आहे, लक्ष्मण आहे. आणि टाकीला कुलूप लावू. नाही तर कोणी तरी काढून नेईल."

ते बादली रिकामी करून सरळ झाले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गणपतने भरली तर दुपारपर्यंत अर्धी होईल, देशमुख. सगळे पितील. मी भरली की कोणी हात लावत नाही. कुलूप कशाला पाहिजे?" आणि थोडं थांबून, "आमच्या हाताचा एवढा उपयोग तरी होऊ द्या."

मी हसलो. खरं होतं ते. आमच्यातलं कुणी त्या टाकीचं पाणी पीत नसे. आमचा माठ वेगळा, शेडच्या आतल्या कोपऱ्यात, आणि त्याला मास्तर हात लावत नसत. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, म्हणजे ठरवायची गरज पडलेली नव्हती. हमीदभाई तेवढा कधी कधी टाकीतून ओंजळ भरून पाणी प्यायचा आणि मास्तर त्याच्यावर उखडायचे, "रेघेच्या खाली गेलं तर तुमच्याच अंगावर मोजीन!"

एकदाच ते स्वतःच्या गावाबद्दल बोलले. पिंपाची गाडी उशिरा यायची होती, आम्ही दाराशी उभे होतो. म्हणाले, "आमच्याकडे गोड्या पाण्याची एकच विहीर. माय घागर घेऊन जायची, पण काढायचं नाही. बाजूला उभं राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतायचे. कधी घटकाभरात घागर भरायची, कधी दुपार व्हायची. मी धरून उभा असायचो तिच्यासोबत." मग 'हं' म्हणाले आणि झाकण उचलून टाकीत पाहिलं, जरी थोड्याच वेळापूर्वी पाहिलं होतं.

मे महिन्यातल्या एका दिवशी औषध खात्याचे इन्स्पेक्टर नागपूरहून यायचे होते. नव्या परवान्याचं काम होतं. अण्णासाहेबांनी मास्तरांना टांगा घेऊन स्टेशनवर पाठवलं आणि मला म्हणाले, "ऑफिस थंड राहू द्या. साहेब घामाघूम होऊन येतील." ऑफिसच्या दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. त्यांवर सारखं पाणी मारावं लागे, तेव्हा कुठे आत गार सुवास येई. नळ गेलेला होता. माठात होतं ते प्यायचं. मी गणपत आणि लक्ष्मणला म्हणालो, टाकीतलं घ्या.

गणपत थबकला. "त्या टाकीतलं? मास्तर बोंबलतीन ना भाऊ."

"पडद्यावरच तर मारायचं आहे," मी म्हणालो. "प्यायचं थोडंच आहे? उद्या सकाळी पुन्हा भरतील."

हे माझे शब्द. प्यायचं थोडंच आहे. माझ्या लेखी ते पाणी रिकामं बसलेलं होतं. त्यांनी ते बादल्या-बादल्यांनी उभं केलं होतं हे मला दिसलं नाही, किंवा दिसलं म्हणूनच ते मला फुकटचं वाटलं. गाडीला उशीर झाला. तोपर्यंत पडदे पुन्हा पुन्हा ओले केले गेले. ऑफिसात खरंच छान गारवा झाला.

मास्तर इन्स्पेक्टरांना घेऊन शेडच्या दाराशी आले तेव्हाच हमीदभाईने पिंपाचं बूच फिरवलं. त्याच्या हातात मोजे होते, पण उकाड्यामुळे डोळे झाकायचा कामाचा चष्मा कपाळावर सरकवलेला होता. आतला दाब फस्सकन सुटला आणि कार्बोलिक त्याच्या तोंडावर, मानेवर, डाव्या दंडावर उडालं. तो ओरडला नाही. त्याने डोळे घट्ट मिटले. उजवा हात भिंतीला लावला. खांबाशी वळला. कुणाला धक्का न देता, न चुकता, दर सोमवारी चालायचा तसा चालत आला. मी पाहत होतो. मास्तरही पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे होतं त्याला मी अभिमान म्हणेन. चौकट लागली, हमीदभाईने बादली काढली, झाकण ढकललं, आणि बादली आत बुडवली.

बादली सिमेंटवर आपटली. तो आवाज मी अजून ऐकतो.

हमीदभाईने पुन्हा बुडवली. पुन्हा तोच आवाज. मग तो डोळे मिटलेलेच ठेवून हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, पानी कुठं आहे?"

पुढचं फार पटकन झालं. मास्तरांनी त्याचा सदरा फाडून काढला, उघड्या हातांनी. धावत आत गेले, आमचा माठ उचलला आणि सगळाच्या सगळा त्याच्या डोळ्यांवर ओतला. "एवढ्यानं अंगाचं भागत नाही," ते ओरडले, "हातगाडी आणा!" त्याला हातगाडीवर आडवं घालून त्यांनी स्वतः गाडी ढकलली, फाटकातून, रूळ ओलांडून, जिथे मालगाडीची इंजिनं पाणी घेत तिथवर. वर लोखंडी सोंड होती. एक इंजिन उभं होतं. मास्तरांनी ड्रायव्हरला काय सांगितलं कोण जाणे. सोंड बाजूला फिरली आणि ते सगळं पाणी हमीदभाईवर आणि त्याला धरून बसलेल्या मास्तरांवर कोसळू लागलं. ते त्याला कुशीत धरून चिखलात बसले होते आणि ओरडत होते, "अजून! थांबवू नका! अजून!"

हमीदभाई वाचला. काही दिवस लघवी काळी होत होती, म्हणून इस्पितळात ठेवलं होतं. डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा राहिला आणि डावा दंड आखडला. डॉक्टर म्हणाले, पाणी लगेच मिळालं असतं तर एवढंही झालं नसतं.

त्याच दिवशी दुपारी ऑफिसात विचारणा झाली. इन्स्पेक्टर खुर्चीवर, अण्णासाहेब उभे. मास्तर ओल्या कपड्यांत दाराशी, तळहात कापसात गुंडाळलेले.

"तायडे, टाकी रिकामी कशी?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"सकाळी मी भरली होती."

"मग पाणी गेलं कुठे?"

मास्तरांनी वाळ्याच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा ठिबकत होता. खाली फरशीवर ओल पसरलेली होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात उत्तर येत असलेल्या मुलाकडे मास्तर पाहतो, तसं. मी त्या ओलीकडे पाहत राहिलो. गणपत आणि लक्ष्मण माझ्याकडे पाहत राहिले.

"भरली होती म्हणता," अण्णासाहेब म्हणाले, "पण पाहिलं कुणी?"

"हं," मास्तर म्हणाले. "कुणी पाहिलं असेल तर ते सांगतील."

कुणी सांगितलं नाही. मास्तरांनी दातांनी गाठ सोडून ॲप्रन काढला, त्या गुंडाळलेल्या हातांनी त्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली आणि गेले. परवान्यासाठी कुणाला तरी काढणं भाग होतं, असं अण्णासाहेब नंतर म्हणाले. निष्काळजी म्हणून त्यांचं नाव झालं, आणि असं नाव झालेल्या केमिस्टला औषधांच्या कामावर पुन्हा कुणी घेत नाही.

अजून एक राहिलं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये नवा माठ आला. जुना फुटला नव्हता, मास्तरांनी उचललेला होता एवढंच. कुणी मला तसं सांगितलंही नाही. मीच बाजारातून आणला.

मधे दहा-अकरा वर्षं गेली. मला बढती मिळाली, केस पिकले. मास्तर म्हणायचे ते कार्बोलिकचं मला माझ्याबाबतीत पटत गेलं. सुरुवातीला काही दुखलं नव्हतं. हमीदभाईला कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसवलं होतं. तो तिथेही लोकांना हसवायचा, "मास्तरनं मले इंजिनाचं पानी पाजलं, तवापासून मी शिट्टी वाजल्याबिगर उठत नाही." एक दिवस मी त्याच्या बाकावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो विडी ओढत राहिला.

"मले कावून सांगून राहिले भाऊ?" तो म्हणाला. "गनपतनं मले दवाखान्यातच सांगतलं होतं."

"मग तू कधी बोलला नाहीस?"

"तुमी बोलान म्हनून थांबलो. मंग थांबाची आदत झाली." चांगल्या डोळ्याने त्याने माझ्याकडे पाहिलं. "माह्या डोयाचं सोडा. मास्तरचं नाव गेलं ना. त्यायले जाऊन सांगा."

मास्तर पुन्हा अमरावतीला शाळेतच होते. मी गेलो तेव्हा प्रयोगशाळेत तास सुरू होणार होता. ते जास्त वाकले होते. बाह्या तशाच, बटण लावलेल्या. उजव्या हाताच्या बोटांना स्पर्श कळत नसावा, कारण खडू उचलल्यावर तो बोटांत आहे का, हे ते डोळ्यांनी पाहत होते. दाराशी पाण्याचं एक मोठं पिंप होतं. झाकण न उचलताच मला कळलं की ते भरलेलं आहे.

"देशमुख," ते म्हणाले. ओळखायला वेळ लागला नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. टाकी मी रिकामी करवली, मी पाहिलं होतं, मी बोललो नाही.

"हं. पडदे ओले होते," ते म्हणाले. "तेव्हाच समजलं."

"मग माझं नाव का नाही घेतलं, मास्तर?"

"तुम्ही नाही म्हटलं असतं. मग मी खोटाही ठरलो असतो. निष्काळजी ठरलो तेवढं पुष्कळ होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता, आणि तो माझ्यासाठी खास राखून ठेवलेलाही नव्हता. मी हात जोडायला लागलो तसे म्हणाले, "इथं कोपऱ्यात नको. तिथं चारचौघांत गप्प बसले होते ना? मग आता चारचौघांत बोला. दरवर्षी या पोरांना मी ती रिकामी टाकी सांगतो. केमिस्टनं पुन्हा पाहायला पाहिजे होतं, असं सांगतो. तेही खरंच आहे. पण पुढचं मला सांगता येत नाही."

मुलं आत आली. मास्तर मागच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि पिंप, हमीदभाई, सोंड, पडदे, सगळं सांगितलं. मास्तरांनी टाकी भरली होती आणि मी ती रिकामी करवली, हेही सांगितलं. पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिने हात वर केला.

"पन काका, तुमी माठातलं पानी काहून नाही घेतलं पडद्यासाठी?"

"ते प्यायचं होतं."

"आन टाकीतलं प्याचं नव्हतं का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. त्या दुपारी ऑफिसात त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, तसेच ते पाहत होते. वाट पाहत होते.

"ते पण प्यायचंच होतं," मी म्हणालो. "एकाच नळाचं. पण मास्तरांनी भरलेलं होतं, म्हणून आम्ही ते पीत नव्हतो. म्हणून मला ते वाया घालवण्यासारखं वाटलं. आणि त्यांनी आमचा माठ उचलून एका माणसाचे डोळे धुतले, तर दुसऱ्या दिवशी मी नवा माठ आणला."

मुलीने हात खाली घेतला. मी मागच्या बाकापर्यंत चालत गेलो.

"मास्तर," मी म्हणालो, मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "टाकी भरलेली होती. मी पाहिली होती. मला माफ करा."